अश्वशक्तीआधी वजन पाहा

चाळिशी ओलांडलेला, नोकरीत वा व्यवसायात स्थिरावलेला आणि मुलांच्या शिक्षणाच्या विवंचनेतून थोडाफार मोकळा झालेला गृहस्थ जेव्हा दूरच्या प्रवासासाठी मोठी मोटरसायकल घेण्याचा मनोदय करतो, तेव्हा त्याच्यापुढे प्रथम येते ते निरनिराळ्या गाड्यांच्या गुणांचे कोष्टक. आणि त्या कोष्टकात आधी इंजिनाची क्षमता, मग अश्वशक्ती आणि मग किंमत अशी जी वहिवाट पडून गेली आहे, तिच्यामुळे त्याची निवड बहुधा पहिल्याच पायरीवर चुकते. महाराष्ट्रात राहून येथील रस्त्यांवर प्रवास करू इच्छिणाऱ्याने प्रथम गाडीचे वजन आणि त्या वजनाची ठेवण पाहावी, त्यानंतर मागे बसणाऱ्याची सोय पाहावी, आणि अश्वशक्तीचा आकडा सर्वांच्या शेवटी विचारात घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अवाढव्य प्रवासी मोटरसायकल ही मुळात ज्या मुलखात वाढली, तेथील रस्त्यांचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे तिच्या शक्तीचे प्रयोजन उमगते. होंडाची गोल्डविंग १९७५ साली बाजारात आली तेव्हा तिचे इंजिन ९९९ सीसीचे व चार सिलिंडरांचे होते. आज ते १,८३३ सीसीचे व सहा सिलिंडरांचे झाले असून सर्व साजासह गाडीचे वजन ३९० किलोच्या आसपास गेले आहे, आणि ती मागे घेणे स्वाराच्या पायांना झेपणार नाही हे जाणून तिला उलट चालण्याची सोयही द्यावी लागली आहे. अमेरिकेतील सरळ महामार्गांवर दिवसभर एकाच वेगाने शेकडो मैल कापायचे असतील, तर हे सारे सार्थ आहे. आपल्याकडे मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर नाही. अटल सेतूवरही नाही. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलीसाठी केंद्र शासनाने ठरवून दिलेली कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ही मनाई न्याय्य आहे की नाही हा स्वतंत्र वादाचा विषय असला, तरी गाडी विकत घेणाऱ्याला आज जारी असलेल्या हुकुमांच्या चौकटीतच प्रवास करावयाचा आहे, आणि त्या चौकटीत शंभराहून अधिक अश्वशक्तीपैकी मोठा भाग कायम निरुपयोगी पडून राहणार आहे.

मग आपला मोटरसायकलस्वार जातो कोठे? तो ताम्हिणीने कोकणात उतरतो, कुंभार्लीने चिपळूण गाठतो, आंबोलीवरून सावंतवाडीकडे व पुढे गोव्याला जातो. या रस्त्यांवर गाडीची परीक्षा धावताना होते त्याहून अधिक ती थांबताना होते. आंबोलीच्या घाटात ऐन आषाढात धबधब्यापाशी वाहनांची दाटी झाली म्हणजे गाडी कडेला घ्यावी लागते. डांबर जेथे संपते तेथे चार बोटांची पायरी, तिच्याखाली भिजलेला मुरूम आणि गाडीचे तोंड उताराकडे, अशी ती जागा असते. साइड स्टँड लावला की त्याचे टोक मुरमात हळूहळू रुतू लागते, गाडी डावीकडे अधिकाधिक कलत जाते, आणि मागे बसलेल्या व्यक्तीने आधी उतरून, एखादा चपटा दगड शोधून तो स्टँडखाली सारेपर्यंत स्वाराला साऱ्या सामानासह ते धूड डाव्या पायावर तोलून धरावे लागते. निघताना तीच गाडी पायांनी रेटत चढावर मागे घ्यावयाची असते. या सर्व उपद्व्यापात इंजिनाच्या शक्तीचा उपयोग शून्य. तेथे कामास येते ते वजनाचे स्वाराच्या शरीराशी असलेले प्रमाण.

येथे नुसत्या किलोंनी निवाडा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० ही २४१ किलोंची, आणि बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस ही २३७ किलोंची. म्हणजे ४७ अश्वशक्तीची गाडी १४५ अश्वशक्तीच्या गाडीहून किंचित जडच भरते. परंतु सुपर मीटिऑरची बैठक जमिनीपासून अवघी ७४० मिलिमीटर उंच असल्यामुळे साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे दोन्ही तळपाय भक्कम टेकतात, तर ८५० मिलिमीटर उंचीच्या जीएसवर त्याच माणसाला चवड्यांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणून सुपर मीटिऑर घ्यावी काय? तसेही सरसकट म्हणता येत नाही, कारण तिचे पोट जमिनीपासून १३५ मिलिमीटरवर आहे आणि मागच्या चाकाला वरखाली होण्यास १०१ मिलिमीटरचीच मुभा आहे. दोन माणसे व सामान लादून गावोगावच्या अनधिकृत गतिरोधकांवरून जाताना हे अंतर अपुरे पडते आणि मागच्याच्या मणक्यांना त्याचा हिशेब चुकता करावा लागतो. त्याच कारखान्याची हिमालयन ४५० घेतली, तर वजन १९६ किलो, पोटाखाली २३० मिलिमीटर मोकळी जागा, दोन्ही चाकांना २०० मिलिमीटरची मुभा, टाकी १७ लिटरची आणि शक्ती ४० अश्वांची. बैठक ८२५ मिलिमीटर उंच आहे, हे खरे. पण बैठकीच्या उंचीइतकीच तिची रुंदीही पाहावी लागते, आणि अरुंद बैठकीवर पाय सरळ खाली जात असल्याने आकडा सुचवितो त्यापेक्षा जमीन जवळ येते. कावासाकीची व्हर्सिस ६५० वजनाने या दोहोंच्या मधली : २१ लिटरची टाकी, ६५ च्या आसपास अश्वशक्ती, वजन २२० किलोंच्या घरात. केवळ गुळगुळीत महामार्गाने बंगळूर वा हैदराबादेस वारंवार जाणाऱ्याने तिचा अवश्य विचार करावा. ज्याचा प्रवास घाट, कोकण आणि क्वचित स्पिती वा लडाख असा आहे, त्याने माझ्या मते दोनशे किलोंची मर्यादा शक्यतो ओलांडू नये.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख आपल्या तुलनांमध्ये शेवटच्या ओळीत, उपकार केल्यासारखा येतो, याचा मला मनापासून विषाद वाटतो. आपल्याकडील दूरचा प्रवास पुष्कळदा जोडीने होतो. घरचे पैसे दोघांचे असतात. आणि बैठकीचा पाऊण वीतभर लांबीचा कठीण तुकडा, गुडघे छातीकडे दुमडणारी पायटेकणी आणि धरावयास काहीही नाही अशा स्थितीत पत्नीने सहा तास निमूटपणे काढावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिवाय गाडीच्या माहितीपुस्तिकेत भारासह कमाल वजन दिलेले असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले म्हणजे दोन माणसे, पेट्या आणि त्या पेट्या अडकविण्याची लोखंडी चौकट यांच्या वाट्याला किती किलो उरतात ते कळते. ही साधी वजाबाकी केली म्हणजे थोराड दिसणारी गाडी भारही तितकाच अधिक पेलेल, ही समजूत पुष्कळदा फोल ठरते.

टायर ट्यूबचा की बिनट्यूबचा, हाही प्रश्न किरकोळ नव्हे. बिनट्यूबच्या टायरात खिळा शिरला तर चाक न काढता बुचासारखी रबरी दोरी खुपसून, हवा भरून अर्ध्या तासात मार्गस्थ होता येते. ट्यूब असली तर चाक उतरवणे आले, आणि मोठ्या गाडीचे मागचे चाक उतरवण्यास पंक्चरवाल्याकडे योग्य मापाचा पाना असेलच असे नाही. साखळीला दर पाचशे किलोमीटरांना तेल द्यावे लागते, तर शाफ्टच्या गाडीला ते नको. पण शाफ्ट महागड्या व जड गाड्यांतच मिळतो. सुट्या भागांचे म्हणाल, तर ब्रेकची कांडी मोडल्यास ती आपल्या जिल्ह्यात मिळते की परदेशातून मागवावी लागते, याची खातरजमा पैसे भरण्यापूर्वी करावी.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि त्यावरील सर्व गाड्यांवर ४० टक्के असा आकारला जातो. पूर्वी हाच बोजा मोठ्या गाड्यांवर ३१ टक्के होता. त्यावर राज्याचा वाहनकर व विमा वेगळाच. म्हणजे जी शक्ती वापरण्यास रस्ता नाही, तिच्यावर आपण खजिन्यात भरघोस करही भरतो.

मोठ्या प्रवासाला मोठे इंजिनच हवे, असे म्हणणाऱ्यांनी दोन उदाहरणे आठवावीत. रॉबर्ट पिर्सिग १९६८ साली आपल्या लहान मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत गेले ते अवघ्या ३०५ सीसीच्या होंडावरून. त्याच प्रवासातून पुढे त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ निर्माण झाला. टेड सायमन यांनी १९७३ ते १९७७ या काळात जगप्रदक्षिणा केली, त्यात भारतही आला, आणि त्यांची ट्रायम्फ ५०० सीसीची होती. त्यांच्या काळच्या मानाने त्या गाड्या सामान्यच होत्या. त्या प्रवासांना थोरवी आली ती स्वारांच्या चिकाटीमुळे आणि यंत्राशी त्यांनी राखलेल्या ओळखीमुळे.

शेतकरी बैल घेताना त्याला जुंपून, ओझ्याखाली चार पावले चालवून पाहतो. दोनपाच लाखांची, क्वचित वीस लाखांची गाडी घेणारा मात्र दुकानाभोवतीच्या दोन किलोमीटरांच्या रिकाम्या फेरीवर समाधान मानतो. विक्रेत्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी ग्राहकाला जोडीदारासह आणि सामानासह निदान अर्ध्या दिवसाची फेरी मारू द्यावी, हवी तर त्यासाठी अनामत रक्कम घ्यावी. ग्राहकानेही दुकानाच्या अंगणात दोघा नोकरांच्या मदतीने गाडी अलगद आडवी निजवून, हँडल वळवून, बैठकीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर ती एकट्याने उभी करता येते का, हे विक्रेत्याच्या संमतीने पाहावे. ते न जमले तर ती गाडी आपली नव्हे असे समजावे. आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीने तासभर बसून पसंती दिल्याखेरीज नोंदणीच्या कागदावर सही करू नये.