खुर्ची दोन हात पुढे

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या दिवाणखान्यात खुर्चीपासून भिंत साडेआठ फूट. चिरंजीवांचा हट्ट ५५ इंची टेलिव्हिजनचा. माझे पेन्शन ४३ इंचांच्या पुढे सरकत नाही. बरे, पाहणार कोण? आमच्या वृद्ध आत्याबाई, आणि त्यांना हवा प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’! जुन्या बोलपटांची चौकट आखूड; आजच्या रुंद पडद्यावर दोहों बाजूंस काळे पट्टे राहणारच. ५५ इंचांत तुकोबांच्या वाट्याला येतात जेमतेम ४५. ४३ इंची संच घेऊन आत्याबाईंची खुर्ची दोन हात पुढे ओढली, तर चित्र त्याहून मोठे दिसते, आणि खुर्ची ओढण्यास पैसे पडत नाहीत.

दुकानात मी डोळे मिटून नुसते ऐकले. दुकानदार हसला, हसो बापडा. हे संच इतके पातळ की आवाज खाली किंवा पाठीमागे भिंतीवर जातो, आणि अभंगाचे शब्द आत्याबाईंपर्यंत पोचत नाहीत. म्हणून उरल्या पैशांत वेगळा स्पीकर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चिरंजीव अद्याप रुसलेले आहेत. सूनबाई म्हणतात, पुढे ओढलेली खुर्ची जाण्यायेण्याच्या वाटेत येते. ते मात्र खरे.