कायद्याने स्वतंत्र, उपजीविकेने परतंत्र

विवाह हेच स्त्रीच्या आयुष्याचे प्रयोजन, या समजुतीने इतिहासलेखनाचेही बरेच नुकसान केले आहे. राणी, पत्नी, माता आणि विधवा यांची नोंद इतिहासाने घेतली. जिने लग्नच केले नाही ती मात्र अपवाद म्हणून समासात राहिली. १६ व्या ते १८ व्या शतकांतील इंग्लंडकडे पाहिले म्हणजे हा अपवाद केवढा मोठा होता हे ध्यानात येते.

पश्चिम युरोपात विवाह उशिरा होत आणि अनेक जण आजन्म अविवाहित राहत, हे लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हायनल यांनी १९६५ साली दाखवून दिले. १७ व्या शतकातील इंग्लंडात पहिल्या विवाहाच्या वेळी वधूचे सरासरी वय २५ च्या आसपास असे आणि काही पिढ्यांत तर पाचांपैकी एक व्यक्ती अविवाहितच राहिली. याचे मूळ अर्थव्यवहारात होते. नवदांपत्याने स्वतंत्र बिऱ्हाड थाटावे अशी रूढी असल्याने दोघांनाही आधी वर्षानुवर्षे परक्या घरी चाकरी करून पुंजी जमवावी लागे. मजुरीचे खरे मूल्य घसरले की विवाह लांबणीवर पडत, काहींचे कायमचेच.

अशा स्त्रीचे कायद्यातील स्थान मोठे चमत्कारिक होते. विवाहितेची जंगम मालमत्ता पतीची होई. तिला स्वतःच्या नावे करार करता येत नसे. ही स्थिती मुख्यतः १८७० व १८८२ च्या कायद्यांनी पालटली. उलट प्रौढ कुमारिका कायद्याच्या परिभाषेत ‘फेम सोल’, म्हणजे एकटी स्त्री. तिला मालमत्ता बाळगता येई, करार करता येई, दावाही लावता येई.

परंतु हक्क आणि पोट यांचा हिशेब निराळा असतो. १५६३ च्या कारागीरविषयक कायद्यान्वये १२ ते ४० वर्षे वयाच्या बेकार अविवाहित स्त्रीला अधिकारी ठरवतील त्या वेतनावर चाकरी करण्यास भाग पाडता येई. नकार दिल्यास कोठडी ठरलेली. स्वतःची खोली घेऊन राहणाऱ्या अविवाहित स्त्रियांना साउदॅम्प्टनसारख्या शहरांतील अधिकारी चाकरी धरण्यास किंवा शहर सोडण्यास फर्मावीत. दिवंगत पतीचा धंदा पुढे चालवण्याची मुभा विधवेला बहुधा मिळे. कुमारिकेला असा वारसा नव्हता. तिच्या वाट्याला चाकरी, शिवणकाम आणि सूतकताई येई. इंग्रजीतील ‘स्पिन्स्टर’ या शब्दाचा मूळ अर्थ सूत कातणारी असाच आहे. एका कष्टाच्या व्यवसायाचे नाव पुढे अविवाहितेचे कायदेशीर बिरुद झाले आणि कालांतराने हेटाळणीचा शब्द!

ज्यांना वडिलार्जित वाटा मिळाला त्यांची गोष्ट वेगळी. अशा कुमारिका नातलगांना व शेजाऱ्यांना व्याजाने पैसे देत. सरकारला १२ लाख पौंड कर्ज देण्यासाठी १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. पुढे तिच्या भागधारकांत आणि सरकारी रोख्यांच्या खरेदीदारांत अविवाहित स्त्रियाही होत्या. राज्याला त्यांचे भांडवल चालत होते. मत मात्र नको होते. त्याच वर्षी मेरी ॲस्टेल या अविवाहित लेखिकेने स्त्रियांसाठी निवासी विद्यापीठासारखी संस्था असावी अशी योजना मांडली. ती कागदावरच राहिली.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. मालमत्तेचा हक्क ज्यांच्यापाशी मालमत्ता आहे त्यांनाच फळतो. इतरांना रास्त वेतनाचे काम, शिक्षण आणि निर्वेध निवारा लागतो. घर भाड्याने देताना एकट्या स्त्रीला ‘सोबत कोण राहणार?’ असे आजही विचारले जाते. साउदॅम्प्टनच्या त्या अधिकाऱ्यांचा प्रश्न याहून फारसा वेगळा नव्हता.