त्यांची कीड, आमचं कालवण

विषालाही जात असते. पटत नसेल त्यानं पावसाळ्यात दिघाशीच्या बांधावर यावं.

बांधाला बीळ पाडणारा मुठा ही मालकाची कीड. रात्री बत्ती घेऊन आमच्या आयाबाया पकडतात तोच मुठा आमचं कालवण. मालकाचं ऐकायला दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. शिजवलेला भात, गूळ नि ॲसिफेट कालवून बिळाशी ठेवा, हा त्यांचा सल्ला. आमचं ऐकणारं विद्यापीठ कुठाय? ॲसिफेट किड्याच्या मज्जातंतूंवर बसतं, माणसाच्याही बसतं. आणि ह्याला म्हणतात ‘औषध’!

१९७५ च्या आसपास कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या हंदिगोडूत दलित वस्तीतली माणसं सांध्यांतून मोडायला लागली. आधी संशय गेला फवारलेल्या भातशेतातल्या खेकड्यांवर, माशांवर. पुढं संशोधकांनी आजार आनुवंशिक ठरवला. असेल. मी डॉक्टर नाय. पण आमच्या रक्तात दोष सापडला म्हणून शेतातला खेकडा निर्विष ठरत नाय.

मुठे नसले की सुकट, जवळा, बोंबील. गरिबाचं मटण. माशी नि अळी लागू नये म्हणून सुक्या मासळीवर कीटकनाशक मारायची चाल देशोदेशीच्या वाळवणांवर सापडलीय. मासळी सुकते, पाणी उडतं, विष सगळं उडत नाही, किलोमागं वाढूही शकतं. डीडीटीचं तर विचारूच नका. शेतीत त्यावर १९८९ मध्ये बंदी आली, मलेरियाच्या फवारणीला मोकळीक राहिली. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत बसतं. गाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात, तिथून बाईच्या दुधात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली त्याला माणसात कॅन्सर करण्याची दाट शक्यता असलेल्यांच्या यादीत टाकलं.

साहेबाच्या ताटाची काळजी मात्र चोख. युरोपला जाणाऱ्या शेततळ्यातल्या कोळंबीसाठी एम्पेडाची अवशेष-तपासणी योजना आहे. नमुने, प्रयोगशाळा, शिक्के, सगळं. भिवंडीच्या बाजारात टोपलीतला जवळा तपासताना मी अजून कुणाला बघितलं नाय.

काही शहाणे सांगतात, मासळी सोडा. का सोडायची? डाळ कोण देणार, तुमचा बाप? पोरांच्या अंगाला लागणारं स्वस्तातलं एवढंच उरलंय. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो पाण्यावरचा हक्क होता. पाण्यात वाढणाऱ्यावरही तोच हक्क आहे, आणि तो बिनविषारी हवा.

तेव्हा मागणी साधी. आठवडी बाजारातली सुकी मासळी दर हंगामात तपासा. निकाल मराठीत फळ्यावर लावा. मुठ्याला विष घालाल तर वस्तीत आधी दवंडी द्या. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ पासून पुस्तकात आहे, अन्न व औषध प्रशासनाचं ऑफिस ठाण्यात आहे. पुढच्या सोमवारी पावशेर जवळा पुडीत बांधून मी तिथं जातोय. लेखी अर्जासकट. कोण कोण येतंय?