बंद झाल्यावर रडणाऱ्यांसाठी

परवा पुतण्याचा फोन आला. त्याच्या मुलीला मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. "काका, तुम्हाला जुनी माहिती आहे. तिला खायची, खरेदीची, निवांत बसायची चांगली ठिकाणं लिहून पाठवा ना." निवृत्त मास्तराला कुणी काही लिहून मागितलं की त्याला मूठभर मांस चढतं. मी लगेच कागद-पेन घेऊन बसलो. अकरा नावं झाली. मग एकेक आठवत गेलो आणि चार नावांवर काट मारावी लागली. ती ठिकाणं आता नाहीतच.

मला राग आला. त्या दुकानदारांचा नव्हे. आपला. म्हणजे मंडळी, तुमचा, माझा आणि दुकान बंद झालं की दुसऱ्या दिवशी हळहळीचं एक पान लिहिणाऱ्या आपल्या सगळ्या जमातीचा.

काट मारलेलं पहिलं नाव फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉल. शानभागांनी १९४८ साली सुरू केलेलं दुकान. लहानशी जागा, छतापर्यंत पुस्तकं, आणि गिऱ्हाईक कोणीही असो, किमतीत सवलत. चर्चगेटजवळ सुंदराबाई हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरायचं, तिथे पिशव्या भरभरून पुस्तकं नेणारी माणसं मी पाहिली आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते बंद झालं. त्या आठवड्यात मी किती लेख वाचले म्हणता! प्रत्येकाचं बालपण तिथे गेलेलं, प्रत्येकाला तिथेच वाचनाची गोडी लागलेली. एकाही लेखात शेवटचं पुस्तक तिथून कधी विकत घेतलं, त्याची तारीख नव्हती.

माझी सांगतो. मी २०१४ च्या मे महिन्यात घेतलं. त्यानंतर दोनदा गेलो, पुस्तकं चाळली, चष्मा वर करून नावं डायरीत टिपली आणि डोंबिवलीला मुलाच्या घरी येऊन त्याच्याकडून फोनवर मागवली. साठ-सत्तर रुपये वाचले. आणि २०१८ मध्ये मीही एक पान लिहिलं. चांगलं जमलं होतं. नातेवाइकांनी फोन करून सांगितलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. आज ते पान वाचायची मला लाज वाटते.

दुसरं नाव काळा घोडा भागातलं ऱ्हिदम हाऊस, २०१६ मध्ये बंद. गाणी फुकट मिळायला लागल्यावर कॅसेट आणि सीडी कोण घेणार, हा प्रश्न बरोबर आहे. तिथे आपला दोष थोडा. तिसरं, जहांगीर आर्ट गॅलरीतलं सामोवार, १९६४ ते २०१५. तिथे तर गिऱ्हाईक शेवटपर्यंत होतं. गॅलरीला स्वतःची जागा हवी होती म्हणून ते गेलं. त्यासाठी कुणी रडलं असेल तर ते रडणं मी खरं मानतो. सगळ्यांना एकाच काठीने हाकायचं नाही, एवढा न्याय शिक्षकाला कळतो.

चौथं नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही, कारण त्या खानावळीला नावच नव्हतं. १९७३ साली, मोठ्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, मी पहिल्यांदा मुंबईला गेलो. जालन्याहून मीटरगेजने मनमाड, तिथे गाडी बदलून पुढे. मामा गिरणीत होते, लालबागच्या चाळीत राहायचे. त्यांच्या खोलीत सहा माणसं पाळीपाळीने झोपत, आणि जेवण शेजारच्या एका बाईंकडे. सगळे त्यांना मावशी म्हणत. दोन भाकरी, भात, कालवण. पैसे पगाराच्या दिवशी. आमच्या अंबडच्या देवीचं नाव मत्स्योदरी, टेकडीसुद्धा माशाच्या आकाराची म्हणतात, पण समुद्राचा मासा मी मावशींच्या ताटात पहिल्यांदा पाहिला. बांगडा. काटे कसे काढायचे हे कळेना, तर त्यांनी समोर बसून काढून दिले. एकवीस वर्षांचा बीए झालेला घोडा मी! तरी त्यांनी ते असं केलं की मला ओशाळं वाटलं नाही.

अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकाराच्या तोंडातून सोडवलं. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. गिरण्यांचं पुढे काय झालं ते मी सांगायला नको. पगार थांबला की पगाराच्या दिवशी मिळणारे पैसेही थांबले. मामा गावी परत आले. मावशींवर कुणी पान लिहिलं नाही. संगमरवरी टेबलं, बेंटवूडच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे असले की लिहायला सोपं जातं. पत्र्याच्या ताटावर लिहायला हात वळत नाही. माझाही आज पहिल्यांदाच वळतोय.

आता काही जण म्हणतील, "सर, तुम्ही उगाच गिऱ्हाइकाला धरताय. जागेची भांडणं असतात, पागडीच्या इमारती कोसळायला आलेल्या असतात, पुढची पिढी गल्ल्यावर बारा तास बसायला तयार नसते." मान्य. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या इराण्यांना कमी भाड्यात तगवलं आणि त्याच कमी भाड्यामुळे मालकांनी इमारतींना हात लावला नाही, हेही मान्य. इराण्याच्या मुलाने इंजिनियर होऊ नये असं मी कोण सांगणार? माझा मुलगा तरी कुठे मास्तर झाला! पण ज्या कारणांवर आपला काही इलाज नाही ती पुढे करून, ज्या एका गोष्टीवर आहे ती झाकू नका. एक कप चहा घेऊन दोन तास बसणं याला आपण प्रेम म्हणतो. दुकानदाराच्या वहीत त्याला काय म्हणत असतील?

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या बी. मेरवानची गोष्ट घ्या. १९१४ सालचं दुकान. २०१४ मध्ये ते बंद होणार अशी बातमी आली आणि मावा केकसाठी झुंबड उडाली. जे दहा वर्षांत फिरकले नव्हते ते पिशव्या घेऊन हजर. दुकान तेव्हा बंद झालं नाही, पुढेही चाललं. पण ती झुंबड मात्र ओसरली. दुकान सुरू आहे ही बातमी होत नाही ना!

आणि त्याचीच दुसरी बाजू. दादरचं आस्वाद १९८६ पासून मिसळ करतंय. २०१५ मध्ये लंडनला तिला बक्षीस मिळालं आणि मग आपल्या लोकांना कळलं की मिसळ चांगली आहे. माझ्या एका मित्राचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, तो लंडनच्या निकालानंतर पहिल्यांदा गेला. काय बोलणार!

तेव्हा पुतणीला (नात्याने नात लागते, पण तिला आजोबा म्हटलेलं मला चालत नाही) मी सात नावं पाठवली. मामा काणे, आस्वाद, पीयूषसाठी प्रकाश, धोबी तलावचं कयानी. खरेदीला दादरचा फूलबाजार. बसायला शिवाजी पार्कचा कट्टा आणि मरीन ड्राइव्हची भिंत. शेवटच्या दोन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत, तिथे कितीही वेळ बसावं. बाकी पाच ठिकाणी लागतात. तिथे फोटो काढायच्या आधी पैसे द्यावेत आणि महिन्यातून एकदा तरी जावं, असं खाली लिहिलं. तिने अंगठा पाठवला आहे.

हे सगळं लिहिताना मुंबईचं बोलणं सोपं, कारण ती चारशे किलोमीटर लांब. आमच्या गावात बसस्टँडकडे जाताना एक पुस्तकांचं दुकान होतं. शाळेची पुस्तकं, वह्या, आणि एका कोपऱ्यात दिवाळी अंक, कादंबऱ्या. तो कोपरा त्याने बराचसा माझ्यासाठी ठेवला होता, माझाच विद्यार्थी. तो दहा टक्के सोडायचा, फोनवर तीस सुटायचे. पेन्शनरचा हिशेब तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षी तो विचारायचा, "सर, यंदा अंक किती ठेवू?" मी म्हणायचो, बघू. नंतर त्याने विचारणं सोडलं.

आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. मी समोरून गेलो तर तो अजून उठून उभा राहतो.

यंदाच्या दिवाळी अंकांचं मी त्याला आधीच सांगून ठेवलं आहे, सहा अंक, पूर्ण किमतीला, छत्रपती संभाजीनगरहून मागव म्हणून. तो म्हणाला, "सर, आता तिकडचं खातं बंद आहे माझं. बघतो."