गणित घेतले म्हणजे मास्तरच होणार काय?

मुलाने बी.एस्सी.ला गणित घेतले की आपल्याकडे आठ्या पडतात. ‘मास्तर होईल, दुसरे काय!’ हा समज आता सोडावा. आपले शिंपी बंधू एका ताग्यातून जास्तीत जास्त सदरे काढतात, चिंध्या कमी पाडतात. हे उपयोजित गणितच. १९३८ साली लेनिनग्राडमध्ये प्लायवुड उद्योगाचा असाच काटकसरीचा प्रश्न कांटोरोविच या गणितज्ञापुढे आला. या कामाबद्दल त्याला १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. आज कापडाची बेतणी, मालट्रकांचे मार्ग, गोदामातील साठा यांची सॉफ्टवेअर या गणिताच्या आधाराने बनतात. ती लिहिणाऱ्याचे नुसत्या संगणकाच्या भाषेवर भागत नाही. तीन महिन्यांच्या क्लासवर (तेही उधारीने!) पैसा ओतणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. समीकरणे आणि संख्याशास्त्र पक्के असेल तर भाषा मागाहूनही शिकता येते. गणित घेतलेल्या पदवीधराला एम.सी.ए.चा मार्ग खुला आहे. २०२०-२१ पासून हा अभ्यासक्रम तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. मुलाला दुकानावर बसवायचेच असेल तर संध्याकाळी बसवा, त्याचे कॉलेज मोडू नका.