मागच्या चाकाची गळती आणि फडातला ऊस



बेणे, लागण, खोडवे हा आमच्या खात्याचा विषय. ऊस विकास अधिकाऱ्याने ट्रॅक्टरच्या चाकाविषयी का लिहावे, असे काहींना वाटेल. पण तोडलेला ऊस फडात वाळू लागला की सभासद पहिल्यांदा आमच्याच दारात येतात, आणि चौकशी केली की पुष्कळदा उत्तर मिळते, "ट्रॅक्टर उभा आहे, चाक उघडलंय." म्हणून हा खटाटोप.

मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलात भिजलेल्या धुळीचा काळा थर दिसू लागला की ऑइल सील गळते आहे असे समजावे. आपल्याकडे यावर "जरासं पाझरतंय, एवढा हंगाम निघेल" असे म्हणून पुढे जाण्याची रीत पडली आहे. ही रीत मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सील बहुधा आपण होऊन मरत नाही. आतले बेअरिंग झिजते, शाफ्ट हलू लागतो, आणि हलणाऱ्या शाफ्टवर सीलची ओठाळी टिकत नाही. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर म्हणजे मागच्या ॲक्सलवरच येतो. त्यात आम्ही ट्रॉली भरतो ती किती, हे वजनकाट्यावरच्या माणसाला विचारा! अशा वेळी नुसते सील बदलले तर थोड्याच दिवसांत तेल पुन्हा बाहेर. मग मालक दुकानदाराला शिव्या देतो. चाक उघडलेच आहे तर बेअरिंग आणि सील जोडीनेच बदलावे. मजुरी एकदाच पडते.

मिस्त्रीजवळ उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली आहे का? असल्यास नवे सीलही गळणार, त्या जागेचा बंदोबस्त आधी करावा. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे बसली का, आणि ते कडेवर हातोडी मारून तिरके तर ठोकले नाही ना? आणि हाऊसिंगचा ब्रीदर मोकळा आहे का? हा बारीकसा भाग मातीने बुजला की तापलेल्या तेलाचा दाब सीलवर येतो. तो साफ करायला एक पैसा लागत नाही, म्हणूनच की काय, कोणी करत नाही. घरी चाक उचलणाऱ्यांनी ट्रॉली सोडून, सपाट जागेवर, पुढच्या चाकांना उटी लावून आणि ॲक्सलखाली लाकडी ठोकळे देऊनच हात घालावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये.

खरी भीती ब्रेकची आहे. काही जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक चाकाशीच व कोरडे असतात. गळके तेल लायनरवर गेले की एक चाक धरते, दुसरे धरत नाही, आणि मागून दोन भरल्या ट्रॉल्या ढकलत असतात. तेल प्यालेले लायनर रॉकेलने धुऊन भागत नाही, ते बदलावेच लागते. नव्या ट्रॅक्टरांत ब्रेक तेलातच बुडालेले असतात, पण तिथेही तेल कमी झाले की ब्रेकचेच नुकसान.

"ट्रॅक्टर माझा, तुमचं काय जातं?" असे विचारणारे भेटतात. सांगतो काय जाते. कोयता लागलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण म्हणतो, ते उगाच नाही. पुढे वजन घटते, ते त्या शेतकऱ्याचे. साखर उतरते, तो उतारा सगळ्यांचा, आणि एफ.आर.पी. उताऱ्यावरच ठरते. टोळी बसून राहते ती वेगळीच. ज्याच्या फडात ऊस पडला, त्याचा त्या चाकाशी काडीचा संबंध नसतो.

म्हणून आमची सूचना अशी की, वाहतूक कराराची शेवटची उचल मागची चाके तपासल्यावरच द्यावी, आणि सील-बेअरिंग कारखान्याच्या स्टोअरमधून उधारीवर देऊन रक्कम वाहतूक बिलातून वळती करावी. हप्ते अंगावर असलेल्या मालकाला नुसता नियम दाखवून उपयोग नाही. तसेच, कारखान्याचा पगार घेत असलो तरी हेही लिहितो की, यार्डात रात्र रात्र नंबर लावून उभा राहणारा मालक चाक उघडायला दिवस कुठून काढणार? गाड्यांचा खोळंबा कमी करणे हे आपल्या बाजूचे काम आहे आणि ते आपण नीट केलेले नाही.

हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा अशी विनंती आम्ही संचालक मंडळाला करणार आहोत. वाहतूकदार सभासदांची हरकत असेल तर त्यांनी ती तिथे जरूर सांगावी. तोवर पावसाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे, तेवढ्यात चाकामागे एकदा वाकून पाहावे. बॉयलर पेटल्यावर मिस्त्री सापडत नाही.