उन्हाळ्याची सुटी आणि चित्रशाळा

वार्षिक परीक्षा आटोपल्या, निकालाची हुरहूर संपली, आणि मुलांच्या सुटीचें काय करावें हा प्रश्न घरोघर उभा राहिला, कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगहि पालटतो. यंदाच्या पत्रांपैकीं एक सविस्तर उत्तरास पात्र आहे. लिहिणाऱ्या बाई एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या सूनबाई आहेत. त्यांची कन्या नववी संपवून दहावींत जात आहे. तिला चित्रें काढण्याचा नाद आहे. गांवांतील एका चित्रकलाशिक्षकांनीं मोठ्या विद्यार्थ्यांसाठीं मे महिनाभर रोज सकाळीं साडेसातपासून साडेबारापर्यंत वर्ग काढला आहे, आणि त्यास जाण्याचा मुलीनें हट्ट धरला आहे. नेमक्या त्याच वेळीं दहावीच्या गणित-शास्त्राचा सुटींतला क्लास असतो. "भाऊजी म्हणतात, दहावीचें वर्ष एकदांच येतें, मामंजी म्हणतात, पोरीची हौस आहे तर जाऊं द्या, आणि मी दोघांच्या मध्यें उभी आहें," असें बाईंनीं लिहिलें आहे.

भाऊजींच्या म्हणण्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. दहावीचे गुण पुढचीं दारें उघडतात किंवा लावतात, हें ज्यांनीं संसार केला आहे त्यांस सांगावयास नको. उलट मामंजी मुलीच्या बाजूचे असूनहि त्यांचा 'हौस' हा शब्दच मला अधिक खटकला. चित्रकला ही केवळ हौस असेल, तर भाऊजींचें म्हणणें खरें ठरतें. हौस काय, दिवाळींतहि भागवितां येईल. तेव्हां त्या पांच तासांत मुलें करतात तरी काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

गेल्या मे महिन्यांत अशाच एका वर्गांत मागच्या बाकावर बसून मीं चार दिवस काढले. वीस-बावीस मुलें, नववी ते बारावीचीं. मोबाइल दाराशीं एका टोपलींत ठेवलेले. मध्यें चौरंगावर एक पितळी तांब्या, एक खलबत्ता, दोन कांदे आणि चुरगळलेला पंचा. उजेड एकाच दिशेनें यावा म्हणून एका बाजूच्या खिडक्या लावून घेतलेल्या. प्रत्येकाच्या हातांत कोळशाची कांडी. खोडरबर पहिला आठवडाभर वर्ज्य, रंग तर त्याहूनहि पुढें. पहिल्या दिवशीं बहुतेकांनीं तांब्याचें तोंड वाटोळें गरगरीत काढलें, आणि बूड मात्र पट्टीनें आंखल्यासारखें सरळ. तोंड वाटोळें असतें हें मुलांस ठाऊक होतें, आणि तांब्या सपाट फळीवर बसला आहे हेंहि ठाऊक होतें. शिक्षकांनीं कोणासहि चूक म्हटलें नाहीं. एक डोळा मिटावयास सांगून, हात ताठ लांब धरून, कांडीचें टोंक आणि अंगठा यांच्यामध्यें त्यांनीं तोंडाची रुंदी धरावयास लावली. मग हात न हालवितां त्याच तोंडाची उंची. रुंदीच्या मानानें उंची चौथाईहि भरेना! मग बुडाकडे पाहावयास सांगितलें. नजरेच्या पातळीपासून तें अधिक खालीं असल्यामुळें त्याची कड तोंडाहूनहि अधिक गोलाई घेऊन येते, हें जेव्हां एकेकाच्या ध्यानीं आलें तेव्हां वर्गांत जो हुंकार उमटला, तो मीं माझ्या संस्कृतच्या तासाला फार थोड्या वेळां ऐकला आहे.

न्यायशास्त्र शिकलेल्या मनुष्यास यांत मोठी गंमत वाटते. प्रत्यक्ष हें प्रमाणांत पहिलें. परंतु तांब्या समोर प्रत्यक्ष असतांना मुलें, आणि मोठीं माणसें तर सर्रास, अनुमानावर काम भागवितात. दुसऱ्या दिवशीं तांब्या जाऊन कानाची किटली आली, आणि किटली मुळींच न काढतां कान व पोट यांच्यामधली पोकळी तेवढी काढावी अशी आज्ञा झाली. किटलीचा आकार मुलांच्या डोक्यांत तयार होता, पण पोकळीचा आकार कोणाच्याच डोक्यांत नव्हता. त्यामुळें पाहिल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. सुतळीला किल्ली बांधून केलेला ओळंबा डोळ्यांसमोर धरून कोणती कड कोणाच्या खालीं येते हें मुलें ताडून पाहूं लागलीं. एका वस्तूपुढें तीन तास. पहिल्या दिवशीं ज्या मुलाचा हात दर पांच मिनिटांनीं रिकाम्या खिशाकडे जात होता, तो चौथ्या दिवशीं पाणी प्यावयास उठावयाचें विसरला.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत एक मार्मिक स्थळ आहे. अग्निमित्रानें मालविका प्रथम पाहिली ती चित्रांत. पुढें दुसऱ्या अंकांत ती नृत्यासाठीं प्रत्यक्ष समोर येते, तेव्हां राजाच्या मनांत येतें कीं चित्र पाहतांना हिचें रूप खरोखर इतकें असेल काय अशी आपणांस शंका होती, पण आतां दिसतें कीं चित्रकारच 'शिथिलसमाधि' होता. हात कच्चा होता किंवा रंग हलके होते, असें राजा म्हणत नाहीं. पाहणाराचें अवधान सैल पडलें असें म्हणतो. समाधि हा शब्द कवीनें चित्रकाराच्या कामास लावला आहे, हें लक्ष्यांत घ्यावें. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र काढून बसला आहे, आणि त्यांत अजून काय काय काढावयाचें राहिलें तें सांगतो: मालिनी नदी, तिच्या वाळूंतलीं हंसांचीं जोडपीं, हिमालयाच्या पायथ्याशीं बसलेलीं हरणें, वल्कलें वाळत घातलेला वृक्ष, काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजविणारी हरिणी. डावा डोळा! ज्या गृहस्थानें बायको ओळखली नाहीं त्यास हरिणीचा डोळा आठवतो, याचें नवल वाटतें. परंतु तो विषय निराळा.

आतां, महिनाभर जाऊन मुलगी घरीं काय घेऊन येणार, असा प्रश्न भाऊजी विचारतील. भिंतीवर लावण्याजोगें चित्र मिळेल अशी आशा ठेवूं नये. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाली. तिचे एक अध्यापक जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात, आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करवून घेत. काळोख्या लेण्यांत महिनेच्या महिने बसून केलेलीं तीं चित्रें विलायतेस गेलीं. आणि १८८५ सालीं लंडनमध्यें साउथ केन्सिंग्टन येथें लागलेल्या आगींत त्यांतील बरींचशीं जळून गेलीं. परंतु त्या विद्यार्थ्यांपैकीं पेस्तनजी बोमनजी पुढें नांवाजलेले चित्रकार झाले. अजिंठ्याच्या भिंतीपुढें बसून त्यांच्या डोळ्यांस जें वळण लागलें तें लंडनच्या आगींत सांपडण्याजोगें नव्हतें. (नक्कल करण्यास माझा सरसकट विरोध नाहीं, हेंहि येथेंच सांगतों. मूळ भिंतीपुढें बसून माप घेत केलेली प्रतिकृति हें पाहणेंच आहे. मोबाइलवरचें चित्र चौकटी पाडून उतरविणें हें नव्हे.)

मुलीनें शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आहेत असें बाई लिहितात. त्या परीक्षांची मांडणी चांगली आहे: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिति. परंतु दहावीच्या गुणांत भर पडते म्हणून पुष्कळ ठिकाणीं स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेलें चित्र होऊन बसलें आहे. बाजार म्हटला कीं तीच टोपलीवाली, तोच छत्रीवाला, ठरलेल्या जागीं ठरलेला कुत्रा. मुलीच्या चित्रांत असा कुत्रा असेल, तर तिला या वर्गाची गरज अधिकच आहे.

मीं पाहिलेल्या वर्गांत तिसऱ्या आठवड्याचा घरचा पाठ असा होता कीं घरांतील एखादें माणूस कामांत असतांना, त्यास न सांगतां, वीस मिनिटांत काढावें. दुसऱ्या दिवशीं सर्व कागद नांवें झांकून भिंतीवर लावले. 'छान' हा शब्द उच्चारावयाचा नाहीं. पहिली नजर कोठें जाते आणि तेथेंच कां जाते, एवढेंच बोलावयाचें. एका कागदावर सुपांत तांदूळ निवडणाऱ्या आजीबाई होत्या. चेहरा फसला होता, हात मात्र इतके नेमके उतरले होते कीं सगळा वर्ग तिकडेच पाहात राहिला. आजीबाईंचें मधलें बोट सरळ होत नव्हतें. खडा त्या तर्जनीनें नव्हे, अनामिकेनें बाजूला सारीत होत्या. ज्या मुलानें तें काढलें होतें तो म्हणाला, "रोज जेवायला तीच वाढते, पण बोट मला आत्तां दिसलें." त्याच दिवशीं संध्याकाळीं त्यानें तें आपल्या आईस सांगितलें, आणि आठ दिवसांत आजीबाईंस डाक्तराकडे नेलें असें शिक्षकांकडून मागाहून कळलें. एकत्र कुटुंबांत आपण एकमेकांस किती कमी पाहतों याचा विचार माझ्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होता.

भाऊजींचा आणखी एक आक्षेप पत्रांत आहे: हल्लीं चार शब्द लिहिले असतां यंत्र क्षणांत चित्र काढून देतें, मग हा खटाटोप कशास? यंत्र चित्र देतें हें खरें, आणि पुष्कळदां मुलांहून सफाईदार देतें. पण आजीबाईंचें बोट त्यास कोण सांगणार? तें आधीं कोणाला तरी दिसावें लागतें.

पोटाचा प्रश्न राहिला. मुलीस पुढें हाच व्यवसाय करावयाचा असेल, तर बारावीनंतर ललितकलेच्या पदवीसाठीं राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा असते, आणि तींत वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र हातानें काढावें लागतें. तेथें पाठांतराचा कुत्रा फार उपयोगीं पडत नाहीं. सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांची हकीकत कोंकणांत सर्वांस ठाऊक आहे. लहानपणीं गांवच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें शिवछत्रपतींचें चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांच्या साह्यानें तो मुलगा जे. जे. मध्यें गेला, पुण्यांतील १९२८ सालचा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा त्याच हातचा. पण अशा हकीकती सांगून बाईंस मोह घालण्याचा माझा हेतु नाहीं. भिंती रंगविणारीं मुलें पुष्कळ आणि रस्त्यानें जाणारे रॉथफील्ड थोडे. मुलगी पुढें इंजिनियर झाली किंवा हिशेबनीस झाली, तरी माझें मत बदलणार नाहीं. क्लासांत मे महिन्यांत जो धडा शिकवितील तो शाळेंत जूनपासून पुन्हां शिकविणारच आहेत. तीन तास किटलीपुढें बसविणारा मनुष्य तिला पुन्हां केव्हां भेटेल याचा भरंवसा नाहीं. तेव्हां तिला पाठवावें. भाऊजींस गणिताची फारच काळजी असेल तर दुपारीं चारनंतर त्यांनीं स्वतःच तास-दीड तास तिला घेऊन बसावें. पत्रावरून ते स्वतः गणिताचे पदवीधर दिसतात.

मात्र वर्ग आधीं पाहून घ्यावा. भिंतीवर सर्व मुलांचीं चित्रें सारखींच दिसलीं, सगळीकडे तोच सूर्यास्त आणि तेंच होडकें, तर परत फिरावें. चौरंगावर खऱ्या वस्तु आहेत काय, वाया गेलेले कागद जपून ठेवलेले आहेत काय, आणि शिक्षक मुलांच्या कागदावर स्वतःचा हात चालवितात काय, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. चालवीत असतील तर तीं चित्रें मुलांचीं नव्हेत.

शेवटच्या आठवड्यांत मेणवलीच्या घाटावर जलरंगांसाठीं नेणार आहेत असें पत्रांत आहे. उन्हाळ्यांत पाणी कागदावर टिकत नाहीं. एक हात फिरवून दुसरा फिरवावा तों पहिल्याची कड सुकून रेघ उमटते. म्हणून काम नऊच्या आंत उरकावें लागतें, आणि त्यासाठीं पहांटे निघावें लागेल. बरोबर सुती जुने कपडे, टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि दोन रिकामे डबे द्यावे, एक ब्रश धुण्यास व एक स्वच्छ पाण्यास. घाटाच्या पायऱ्यांची सावली काळी नसून निळसर असते. तेव्हां रंगांच्या पेटींतला काळा रंग घरींच काढून ठेवला तरी चालेल.